जडत्व, गती आणि ताण: वर्गातील प्रयोगांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी-नववीला विज्ञान शिकवणारे शिक्षक, प्रदर्शनाच्या तयारीला लागलेले विद्यार्थी आणि मुलांच्या प्रश्नांनी हैराण झालेले पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, मात्र एकदा केलेला खुलासा दुसऱ्यांदा करण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आकडेमोडीत गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले असून, काही ठिकाणी सोयीसाठी ते १० मानले आहे.

१. जडत्व म्हणजे नक्की काय? ते एक प्रकारचे बल आहे का?

नाही. वस्तू स्थिर असेल तर स्थिर राहण्याची आणि गतिमान असेल तर त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहण्याची जी तिची प्रवृत्ती असते, तिला जडत्व म्हणतात. बल एका वस्तूकडून दुसऱ्या वस्तूवर लावले जाते, त्याला दिशा असते आणि ते ताणकाट्याने मोजता येते. जडत्व मात्र वस्तूचा स्वतःचा गुणधर्म आहे आणि ते कोणीही कोणावर लावत नाही. त्यामुळे प्रश्न ३ मधल्या नाणे-पुठ्ठ्याच्या प्रयोगाबद्दल ‘जडत्वाच्या बलामुळे नाणे जागीच राहिले’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत हमखास दिसत असले, तरी ते चूक आहे. नाण्याला जागी धरून ठेवणारे कोणतेही बल तेथे नसते. त्याला हलवण्याइतके बल पुरेसा वेळ मिळाले नाही, एवढेच घडलेले असते. ‘पुरेसा वेळ’ हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण पुढील निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याभोवतीच फिरतात.

२. जड वस्तूचे जडत्व जास्त असते, म्हणजे जडत्व वजनामुळे येते ना?

जडत्वाचे माप वस्तुमान आहे. वजन म्हणजे पृथ्वीने त्या वस्तुमानावर लावलेले बल. पृथ्वीच्या पृष्ठभागावर दोन्ही बरोबरीने वाढतात, म्हणून गल्लत होते. ती दूर करण्यासाठी हॅकसॉचे एक जुने पाते पुरते. पात्याचे एक टोक टेबलाच्या कडेला क्लॅम्पने असे आवळावे की पात्याची रुंद बाजू उभी राहील आणि मोकळे टोक आडवे, म्हणजे डावीकडे-उजवीकडे, हलेल. त्या टोकाला चिकटपट्टीने वजने लावून वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजावा. हालचाल आडवी असल्यामुळे गुरुत्वबल तिला मदतही करत नाही आणि अडवतही नाही. तरीही वजने वाढवत नेली की आंदोलने मंदावतात. पात्याचे स्वतःचे वस्तुमान नगण्य धरले, तर वस्तुमान चौपट केल्यावर आंदोलनकाल दुप्पट होतो. हीच युक्ती अवकाशातही चालते: १९७३ मध्ये सोडलेल्या स्कायलॅब या अमेरिकी अवकाशस्थानकावर अंतराळवीरांचे वस्तुमान मोजण्यासाठी स्प्रिंगवर हलणारे आसन होते, कारण तेथे साधा वजनकाटा निरुपयोगी ठरतो.

३. ग्लासावर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर नाणे ठेवून पुठ्ठ्याला टिचकी मारली की नाणे ग्लासात पडते. त्या वेळी नाण्यावर बल लागतच नाही का?

लागते. पुठ्ठा नाण्याखालून सरकत असताना घर्षणामुळे नाणे पुठ्ठ्याच्या दिशेने ओढले जाते. मात्र या घर्षणाला एक कमाल मर्यादा आहे. नाणे आणि पुठ्ठा यांच्यातील घर्षण गुणांक (कमाल घर्षण नाण्याच्या वजनाच्या किती पट असते तो आकडा) ०.३ धरला, तर नाण्याला जास्तीत जास्त ३ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढेच त्वरण मिळू शकते. टिचकी कितीही जोरात मारली तरी हा आकडा वाढत नाही; कमी होतो तो फक्त वेळ.

पुठ्ठा ०.०३ सेकंदात नाण्याखालून निघून गेला, तर तेवढ्या वेळात नाणे जेमतेम १.३ मिलिमीटर सरकते आणि सरळ ग्लासात पडते. तोच पुठ्ठा सावकाश ओढल्यामुळे ०.२ सेकंद लागले, तर नाणे ६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे ग्लासाच्या तोंडाबाहेर जाते. त्याहूनही हळू, म्हणजे ३ मीटर प्रति सेकंद वर्गापेक्षा कमी त्वरणाने ओढले, तर नाणे पुठ्ठ्यावरून घसरतच नाही आणि त्याच्यासोबत प्रवास करते. वर्गात हे तिन्ही प्रकार एकापाठोपाठ एक करून दाखवावेत. केवळ टिचकी दाखवली तर मुलांना ती हातचलाखी वाटते.

४. आमचे नाणे पुठ्ठ्याबरोबर उडून जाते. काय चुकत असावे?

बहुतेक वेळा टिचकीची दिशा चुकते. बोट पुठ्ठ्याच्या कडेला खालून वर लागले, तर पुठ्ठा तिरका होतो आणि नाण्याला वर उडवतो. तेव्हा प्रश्न घर्षणाचा राहतच नाही. पुठ्ठा कडक, सपाट आणि गुळगुळीत असावा. जुने पोस्टकार्ड उत्तम. लग्नपत्रिका घेतल्यास उठावाची छपाई नसलेली घ्यावी, कारण गणपतीच्या उठावदार चित्रावर नाणे अडकते. ग्लासाच्या तोंडाचा व्यास नाण्याच्या व्यासाच्या किमान अडीचपट असला, तर थोडे सरकलेले नाणेही आत पडते. ग्लासाच्या तळाशी रुमालाची घडी ठेवल्यास नाणे उसळून बाहेर येत नाही.

५. भांडी मांडलेल्या टेबलावरचे कापड ओढून काढण्याचा प्रयोग शाळेत करावा का?

करावा, पण स्टीलची भांडी घेऊन आणि घरी सराव करून. तत्त्व प्रश्न ३ मधलेच आहे. कापडाला शिवलेली किनार नसावी, कारण ती भांड्याच्या तळाला अडते. कापड आपल्याकडे आडवे ओढण्याऐवजी टेबलाच्या कडेवरून खाली खेचावे. आडवे ओढताना हात नकळत वर जातो आणि भांडी कलंडतात. ओढण्यापूर्वी कापडाला थोडा ढिलेपणा ठेवावा, म्हणजे ते ताणले जाईपर्यंत हाताला वेग आलेला असतो. रिकाम्या फुलपात्रापेक्षा अर्धे भरलेले फुलपात्र अधिक स्थिर राहते, हे पाहून मुलांना आश्चर्य वाटते. वस्तुमान वाढले की घर्षणही त्याच प्रमाणात वाढते आणि त्वरण तेवढेच राहते. फरक पडतो तो गुरुत्वमध्य खाली आल्यामुळे. उंच, अरुंद पेला या प्रयोगाला घेऊच नये.

६. कॅरमच्या सोंगट्यांची चवड लावून स्ट्रायकर मारला, तर कधी फक्त खालची सोंगटी निसटते आणि कधी सगळी चवड कोसळते. असे का?

तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, स्ट्रायकरची जाडी. तो सोंगटीपेक्षा जाड असेल तर खालच्या दोन्ही सोंगट्यांना एकदम लागतो. दोन सोंगट्या निघून उरलेली चवड जागी बसली, तर तेही जडत्वाचेच प्रात्यक्षिक आहे. फक्त मुलांना आधी सांगितलेला निकाल चुकतो. दुसरी, चवडीची उंची. खालच्या सोंगटीवर दोन पृष्ठभागांचे घर्षण असते: खालून बोर्डाचे आणि वरून उरलेल्या चवडीचे. चवड जितकी उंच, तितके दोन्हीकडचे घर्षण जास्त आणि सोंगटी तितकी मंद. सुरुवात पाच-सहा सोंगट्यांनी करावी. तिसरी, नेम. स्ट्रायकर मध्यावर न लागता बाजूला लागला, तर सोंगटी फिरत बाहेर पडते आणि वरच्या सोंगट्यांनाही फिरवते. स्पर्धेच्या सोंगटीचे वस्तुमान सुमारे ५ ग्रॅम आणि स्ट्रायकरचे कमाल १५ ग्रॅम असते, त्यामुळे धडकेनंतर स्ट्रायकरही पुढे सरकत राहतो. त्याने उरलेल्या चवडीला धडक दिली की घात होतो. बोर्डावर बोरिक पावडर टाकायला हरकत नाही, पण सोंगट्यांच्या मध्ये ती शिंपडून ‘यश’ मिळवू नये.

७. टांगलेल्या वजनाखालचा दोरा हळू ओढला तर वरचा तुटतो आणि झटका दिला तर खालचा. एकाच रिळातले दोरे असून असे कसे?

या विषयातला हा माझ्या मते सर्वांत चांगला प्रयोग आहे आणि बहुतेक ठिकाणी त्याचे स्पष्टीकरण ‘जडत्वामुळे’ या एका शब्दात उरकले जाते. म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो.

अर्ध्या किलोचे वजन सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या सुती दोऱ्याने टांगले आहे आणि त्याच रिळातला तेवढाच दोरा वजनाच्या खाली बांधला आहे. हा दोरा १० न्यूटन ताणाला तुटतो आणि तुटण्यापूर्वी दीड सेंटिमीटर लांबतो, असे समजू. ओढण्याआधी वरच्या दोऱ्यात ५ न्यूटन ताण आहे आणि खालच्या दोऱ्यात शून्य.

हळू ओढताना वजन जवळपास स्थिरच असते, त्यामुळे वरच्या दोऱ्यातील ताण नेहमी खालच्यापेक्षा ५ न्यूटनने जास्त राहतो. खालच्या दोऱ्यात ५ न्यूटन झाले की वरच्यात १० होतात आणि वरचा तुटतो. येथे जडत्वाचा काहीच संबंध नाही; ही साधी बेरीज आहे.

झटक्याच्या वेळी हात सेकंदाला ३ मीटर वेगाने खाली येत असेल, तर खालचा दोरा दीड सेंटिमीटर लांबायला फक्त ०.००५ सेकंद लागतो. वरच्या दोऱ्यातील ताण वाढायचा, तर तो दोरा लांबला पाहिजे, आणि तो लांबायचा तर वजन खाली सरकले पाहिजे. त्या ०.००५ सेकंदात वजन सरकते मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. तेवढ्याने वरच्या दोऱ्यातील ताण ५ वरून ५.१ न्यूटनपर्यंतही पोहोचत नाही, आणि खालचा मात्र १० न्यूटनला पोहोचून तुटलेला असतो. हाताने लावलेल्या बलाची बातमी वरच्या दोऱ्यापर्यंत वजनाच्या हालचालीतूनच जाते, आणि वजन त्या वेळात हललेलेच नसते.

प्रयोगापूर्वी वर्गाला ‘कोणता दोरा तुटेल?’ हे वहीत लिहायला सांगावे. ‘आता मी ओढतो’ एवढेच म्हणावे, हळू की जोरात हे सांगू नये. अर्धा वर्ग बरोबर आणि अर्धा चूक ठरतो, आणि पुढच्या खेपेस त्यांची अदलाबदल करणे आपल्या हातात असते.

८. कसेही ओढले तरी आमचा वरचाच दोरा तुटतो. काही वेळा उलटही होते. का?

झटका देऊनही वरचा दोरा तुटत असेल, तर झटका पुरेसा जलद नाही किंवा दोरा फार ताणला जाणारा आहे. नायलॉनचा दोरा तुटण्यापूर्वी बराच लांबतो, त्यामुळे वजनाला हलायला वेळ मिळतो. रबरी दोरी तर येथे अजिबात चालणार नाही. खालचा दोरा खूप लांब ठेवला तरी हाच दोष येतो. आखूड सुती शिलाईचा दोरा घ्यावा आणि ओढण्यापूर्वी तो थोडा सैल ठेवावा.

हळू ओढूनही खालचा दोरा तुटत असेल, तर वजन फार हलके असण्याची शक्यता आहे. प्रश्न ७ प्रमाणे दोन्ही दोऱ्यांतील ताणांचा फरक वजनाएवढा असतो. वजन ५० ग्रॅमचेच असेल, तर हा फरक फक्त अर्धा न्यूटन उरतो, आणि एकाच रिळातल्या दोऱ्याच्या दोन तुकड्यांच्या ताकदीत तेवढा फरक सहज असू शकतो. मग निकाल दोऱ्याच्या नशिबावर जातो. जड वजन लागते ते केवळ जडत्वासाठी नव्हे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

गाठीचाही विचार करावा. दोरा बहुधा गाठीपाशी तुटतो, म्हणून वर आणि खाली एकाच पद्धतीची गाठ मारावी.

९. दोघांनी दोरी दोन्ही बाजूंनी ५०-५० न्यूटन बलाने ओढली, तर ताण १०० न्यूटन का होत नाही?

कारण दोरी ताणली जाण्यासाठी दोन टोके ओढली जावीच लागतात. एक टोक भिंतीला बांधून दुसरे ५० न्यूटनने ओढले, तर भिंतही दोरीला ५० न्यूटनने उलट दिशेला ओढते. त्या स्थितीत ताण ५० न्यूटन आहे हे सगळे मान्य करतात. भिंतीच्या जागी दुसरा माणूस आला, एवढाच बदल आहे.

तोंडी सांगून हे पटत नाही, दाखवावे लागते. टेबलाच्या दोन कडांना दोन कप्प्या लावाव्यात, मध्ये ताणकाटा आडवा ठेवून त्याच्या दोन्ही टोकांना दोऱ्या बांधाव्यात आणि कप्प्यांवरून त्या खाली सोडून प्रत्येकीला एक किलोचे वजन टांगावे. काटा कागदाने झाकून वर्गाकडून अंदाज घ्यावेत. ‘शून्य’ आणि ‘दोन किलो’ या उत्तरांना भरपूर मते पडतात. कागद काढल्यावर काटा एक किलो दाखवतो. नंतर एका बाजूचे वजन काढून ते टोक टेबलाच्या पायाला बांधावे. काटा तसूभरही हलत नाही, आणि खरा धडा तोच आहे.

१०. मग रस्सीखेचीत दोन्ही संघांना दोरी सारख्याच बलाने ओढत असेल, तर जिंकतो कोण?

ज्याचे पाय जमिनीला जास्त घट्ट धरतात तो. दोरी हलकी धरली तर तिच्यातील ताण दोन्ही टोकांना सारखाच असतो. प्रत्येक संघावर दोन आडवी बले असतात: दोरीचा ताण पुढे खेचणारा आणि जमिनीचे घर्षण मागे धरणारे. ज्या संघाचे घर्षण ताणाला पुरे पडत नाही, तो सरकतो. वर्गातील सर्वांत दणकट मुलाला पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभे करावे आणि समोर रबरी तळव्याचे बूट घातलेली किरकोळ अंगाची मुलगी उभी करावी. दोरी हलकेच ओढायला सांगितली तरी निकाल लगेच लागतो. दोरी हाताला गुंडाळू देऊ नये (प्रश्न १७ पहा).

११. मध्ये वजन टांगलेली दोरी कितीही ओढली तरी पूर्ण सरळ का होत नाही?

वजन तोलण्यासाठी वरच्या दिशेने बल लागते, आणि पूर्ण आडव्या दोरीचा ताण वर ओढूच शकत नाही. दोरीला थोडा तरी बाक असेल तरच ताणाचा काही भाग वर काम करतो. बाक जितका कमी, तितका हा भाग लहान आणि म्हणून एकूण ताण तितका मोठा लागतो. एक किलोचे वजन मध्ये टांगले आणि दोरीची प्रत्येक बाजू आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असली, तर ताण ९.८ न्यूटन, म्हणजे वजनाएवढाच असतो. कोन १० अंश झाला की ताण सुमारे २८ न्यूटन, ५ अंशांना ५६ आणि १ अंशाला तब्बल २८० न्यूटन होतो. शून्य अंशासाठी अनंत ताण लागेल. त्याआधीच दोरी तुटते किंवा खिळा निघतो. कपडे वाळत घालायची दोरी घट्ट बांधण्याचा हट्ट धरणाऱ्यांच्या भिंतीतले हूक का उपटतात, हे यावरून लक्षात येते.

वर्गात दोन मुलांनी तीन-चार मीटरची दोरी ताणून धरावी आणि तिसऱ्याने मधोमध एका बोटाने दाबावे. दोघांना पुढे यावेच लागते.

१२. शांत टांगलेले वजन पेलणारा दोरा झोका दिल्यावर तुटला. दोरा खराब होता का?

दोरा चांगलाच असावा. झोक्यात वजन सर्वांत खाली येते तेव्हा दोऱ्याला केवळ वजन पेलायचे नसते, तर वजनाची दिशा सतत वरच्या बाजूला वळवायची असते, त्यासाठी जास्तीचे बल लागते. वजन उभ्या रेषेपासून ६० अंशांवर नेऊन सोडले, तर तळाशी ताण वजनाच्या दुप्पट होतो. ९० अंशांवरून सोडले तर तिप्पट. प्रश्न ७ मधल्या दोऱ्यावर अर्धा किलो टांगून कोन हळूहळू वाढवत नेला, तर तो साधारण ६० अंशांच्या आसपास तुटतो. किती अंशांना तुटेल हे आधी गणिताने काढून मग दोरा तोडणे, यासारखा समाधान देणारा तास वर्षात क्वचितच मिळतो.

१३. पाठ्यपुस्तकात जडत्वाचे तीन प्रकार दिले आहेत. प्रयोग कोणत्या प्रकारात बसवायचा?

विराम अवस्थेचे, गतीचे आणि दिशेचे हे वर्गीकरण उदाहरणे लक्षात राहावीत म्हणून आहे. गुणधर्म एकच आहे. परीक्षेत वस्तू सुरुवातीला स्थिर होती की चालत होती, एवढे पाहून उत्तर लिहावे. कुऱ्हाडीचे उदाहरण येथे बोलके आहे. पाते वर ठेवून दांडा जमिनीवर आपटला, तर दांडा थांबतो आणि पाते खाली जात राहून घट्ट बसते; हे गतीचे जडत्व. पाते खाली लोंबत ठेवून दांड्याच्या वरच्या टोकावर ठोकले, तर दांडा खाली सरकतो, पाते जागीच राहते आणि तरीही घट्ट बसते, हे विरामाचे. दिशेच्या जडत्वासाठी गोफण आठवावी: दोरीचे टोक सोडल्यावर दगड त्या क्षणी ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शिकेने निघतो, केंद्रापासून थेट बाहेर नव्हे. गतीचे जडत्व अधिक शुद्ध स्वरूपात पाहायचे असेल, तर जुन्या सीडीच्या भोकावर बाटलीचे छिद्र पाडलेले झाकण चिकटवून त्यावर फुगवलेला फुगा बसवावा. फुग्यातील हवा सीडीखालून बाहेर पडते तोवर ती सपाट फरशीवर जवळजवळ घर्षणाविना सरकत राहते.

१४. कच्चे आणि उकडलेले अंडे फिरवून ओळखतात, त्यात जडत्व कुठे आले? आणि आमच्या शाळेत अंडी चालत नाहीत, तर काय करावे?

उकडलेले अंडे एकसंध फिरते. कच्च्या अंड्याचे कवच फिरवले तरी आतला द्रव मागे राहतो, म्हणून ते मंद आणि डगमगत फिरते. खरी गंमत थांबवण्यात आहे. फिरणाऱ्या अंड्यावर क्षणभर बोट ठेवून उचलावे: उकडलेले थांबते, तर कच्चे पुन्हा फिरू लागते, कारण कवच थांबले तरी आतला द्रव फिरतच होता.

अंडी नको असतील, तर दोन सारख्या लहान प्लास्टिकच्या बाटल्या घ्याव्यात. दोन्हींत सारखेच पाणी भरावे आणि एक फ्रीजरमध्ये ठेवावी. बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्के वाढते, त्यामुळे वर जागा सोडावी. उतरत्या फळीवरून दोन्ही एकदम सोडल्या, तर पाण्याची बाटली पुढे जाते. तिच्यातील पाण्याचा बराचसा भाग फिरत नाही, त्यामुळे तिला फिरवण्यात कमी ऊर्जा खर्च होते.

१५. एसटी सुटताना आपण मागे जातो, मग गाडीतला गॅसचा फुगा पुढे का जातो? तो जडत्वाला अपवाद आहे का?

अपवाद नाही. बंद गाडीतील हवेलाही जडत्व आहे. गाडी पुढे निघते तेव्हा हवा मागे राहू पाहते आणि मागच्या भागात दाब किंचित वाढतो. हवेपेक्षा हलका असलेला फुगा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे पुढे ढकलला जातो. वर्गात हे पाण्याच्या बाटलीने दाखवता येते: बाटली जवळपास काठोकाठ भरून झाकण लावावे, आत एक लहान बुडबुडा ठेवावा आणि बाटली आडवी धरून एकदम पुढे ढकलावी. बुडबुडा पुढे पळतो आणि बाटली थांबवली की मागे येतो.

१६. पाण्याची बादली उभ्या वर्तुळात फिरवली तरी पाणी सांडत नाही. पाण्यावर बाहेर ढकलणारे बल असते का?

जमिनीवर उभे राहून पाहणाऱ्याच्या दृष्टीने असे बल नसते. सर्वांत वरच्या बिंदूवर पाणी खाली येतच असते, पण बादली त्याला त्याहूनही वेगाने खाली वळवत असते, म्हणून पाणी बादलीच्या तळाला टेकून राहते. खांद्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर ०.९ मीटर असेल, तर वरच्या बिंदूवर किमान ३ मीटर प्रति सेकंद वेग लागतो, म्हणजे एक फेरा साधारण १.९ सेकंदांच्या आत पूर्ण व्हायला हवा. प्रत्यक्षात आपण सेकंदाला एक फेरा सहज घेतो. तेव्हा तळाच्या बिंदूवर हाताला बादलीच्या वजनाच्या सुमारे साडेचारपट ताण जाणवतो. प्लास्टिकच्या बादलीची कडी याच क्षणी निसटते, म्हणून कडी आधी ओढून पाहावी. फसतात ते प्रयोग बहुधा थांबवताना: वेग हळूहळू कमी करत वरच्या बिंदूवर रेंगाळले की आंघोळ ठरलेली. खालून वर जाताना हात पुढे नेऊन बादलीबरोबर दोन पावले चालावे.

१७. कोणती काळजी घ्यावी?

टांगलेल्या वजनाखाली वाळूचा ट्रे ठेवावा आणि पाय त्या रेषेत येऊ देऊ नयेत. ताणलेला दोरा तुटला की चाबकासारखा उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा आणि पहिली रांग दोन मीटर मागे असावी. रस्सीखेचीत दोरी मनगटाला किंवा कंबरेला गुंडाळणे, तसेच कपडे वाळवायची नायलॉन दोरी वापरणे टाळावे. अशा दोऱ्या तुटून बोटे गमावल्याच्या दुर्घटना झाल्या आहेत.

१८. लटकवलेली स्प्रिंग वरून सोडली, तर तिचे खालचे टोक क्षणभर हवेतच थांबते असे ऐकले. हे खरे आहे का?

खरे आहे. खेळण्यांच्या दुकानात मिळणारी सैल, रंगीत स्प्रिंग एका टोकाने धरून पूर्ण लोंबू द्यावी, तिचे हेलकावे थांबू द्यावेत आणि मग सोडावी. खालच्या टोकावर दोन बले असतात: खाली ओढणारे वजन आणि वर ओढणारा स्प्रिंगचा ताण. वरचे टोक सोडल्यावरही खालच्या वेढ्यांतील ताण लगेच बदलत नाही. वरचे वेढे एकेक करून खाली कोसळत येईपर्यंत तो तसाच असतो, आणि तोवर खालचे टोक संतुलितच राहते. प्रश्न ७ मधल्या वरच्या दोऱ्याला जशी बातमी उशिरा पोहोचते, तशीच येथे खालच्या टोकाला. मग गुरुत्वाचे काय झाले, असे कोणी विचारले, तर संपूर्ण स्प्रिंगचा गुरुत्वमध्य पहिल्या क्षणापासून ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणानेच खाली येतो, हे दाखवून द्यावे. वरचे टोक त्याहून कितीतरी वेगाने येऊन खालच्या टोकाच्या स्थिरतेची भरपाई करते.

हा प्रकार सेकंदाच्या अंशात संपतो. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, शक्यतो सेकंदाला २४० चित्रे घेऊन, चित्रीकरण करावे आणि मागे फूटपट्टी उभी चिकटवावी, म्हणजे खालचे टोक किती चित्रांपर्यंत हलले नाही हे मुलांना स्वतः मोजता येते. स्प्रिंग सोडताना बोटे एकदम उघडावीत. ती किंचित जरी वर किंवा खाली हलली तरी खालचे टोक हेलकावे खाऊ लागते आणि मोजणी बिघडते.